सातव्या कुंडीतली ओंबी

बियाणे तपासणीच्या कचेरीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. साहेब नुसतं म्हणायला; हुद्दा नमुना घेणाऱ्याचा. पोत्याच्या पोटात पोकळ लोखंडी सळई खुपसायची, मूठभर दाणे बाहेर काढायचे, पिशवीत भरून चिठ्ठी लावायची आणि लाखेची मोहोर करायची. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. पण पिशवी बांधण्याआधी ते दाण्यांची मूठ नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मग जे बोलत ते सहसा खोटं ठरत नसे. "ह्याला पाणी लागलंय." "हे गेल्या सालचं, वर नवं पसरलंय." "गोदामात उंदीर झालेत." प्रयोगशाळेचा अहवाल आठ दिवसांनी यायचा आणि तेच सांगायचा, फक्त टक्क्यांत.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. घर ते कचेरी सायकलवर बावीस मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. घरी मात्र हे नाक जरा डोईजड होतं. दाराशी चपला काढतानाच ते सांगत, "दूध उतू गेलं वाटतं," किंवा "ओलं फडकं कुठेतरी राहिलंय." बायको फडकं शोधून उन्हात टाकायची. लेक लग्न होऊन दूर गेल्यापासून घरात दोघंच. घर इतकं स्वच्छ, की पाहुण्यांना बसायलाही अवघड वाटायचं.

त्या दिवशी गव्हाच्या बियाण्याचा मोठा साठा तपासायचा होता. गोदामात बियाणेवाला स्वतः हजर, पांढऱ्या बुटांत, हातात थंड पेयाची बाटली. पहिल्या दोन थप्प्या ठीक निघाल्या. तिसऱ्या थप्पीतल्या पोत्यातून सळई बाहेर आली आणि नाकसाहेब दोन पावलं मागे सरले.

"सडकी मासळी," ते म्हणाले.

"ट्रकचा वास असेल," बियाणेवाला घाईघाईने म्हणाला. "आधी मासळी वाहिली होती त्यातून. धुतला होता, पण वास तो वासच."

"ट्रकचा वास पोत्याला बाहेरून लागतो. हा आतून येतोय."

त्यांनी मुठीतले दाणे चाळवले. चांगल्या दाण्यांत काही बुटके, मळकट दाणे होते. एक नखाने दाबला तर तो टिकलीसारखा फुटला आणि आतून काळी पूड सांडली. पूड बोटांना लागली, बाहीला लागली. त्यांनी रुमालाने पुसली, तर ती आणखी पसरली. दिवसभर ते स्वतःच्याच सदऱ्यापासून तोंड फिरवत राहिले आणि संध्याकाळी घरी येताच सदरा काढून न्हाणीघराच्या दाराशी टाकला.

"हा वेगळा धू. गरम पाण्यात. दोनदा."

आंघोळ करून बाहेर आले तर बायको तिथेच उभी होती. सदरा तिच्या हातात होता आणि तोंड सदऱ्यात. आधी त्यांना वाटलं, ती डाग बघतेय. मग दिसलं की तिचे डोळे मिटलेले आहेत.

"अगं, काय करतेस? घाण आहे ती."

तिने मान वर केली. "कुठे गेला होतात? समुद्रावर?"

ते हसले. "समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर! गोदामात होतो. गहू आहे तो. रोगट गहू."

"गव्हाला असा वास?" एवढंच म्हणून ती आत गेली. सदरा त्या दिवशी धुतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तो दोरीवर दिसला तेव्हा नाकसाहेबांना हायसं वाटलं आणि ते विसरून गेले.

बायको समुद्रकाठची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बाप होडीवर, आई मासळी सुकवून विकायची. सुरुवातीला ती वर्षाकाठी माहेरी जाऊन यायची. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत तिचा बाप गेला आणि नंतर आई. आईच्या वेळी ती पोचली तिसऱ्या दिवशी. सगळं उरकलेलं होतं. त्यानंतर माहेरचा विषय तिने काढला नाही. नाकसाहेबांनी एकदोनदा विचारलंही होतं. "आता कुणासाठी जायचं?" ती म्हणाली, आणि त्यांनी ते उत्तर जसं दिलं तसं घेतलं.

प्रयोगशाळेत मॅडमनी दाणे पाण्यात घोळवले, ते पाणी फिरवून गाळ तळाशी बसवला आणि गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मॅडम तिशीच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. चष्मा केसांत खोचून तोच प्रयोगशाळाभर शोधण्याची सवय.

"काणी आहे काका. वासाची काणी. तुमच्या नाकाला नमस्कार." मग त्यांनी सुस्कारा टाकला. "पण तो म्हणणार, चार बीजाणू कुठूनही चिकटतात. रोप वाढवून दाखवावं लागेल. बारा कुंड्या पेरू आपण."

बारा कुंड्या आधी थंड खोलीत गेल्या, कारण ही बुरशी गारव्यातच अंकुराला धरते. मग त्या काचघरात आल्या. त्यांना पाणी घालण्याचं आणि रोजची नोंद करण्याचं काम नाकसाहेबांकडे आलं. नमुन्याला कुणाचा हात लागला तर पुरावा बाद होतो, म्हणून किल्लीही त्यांच्याकडेच.

आणि इकडे घरी एक नवल घडलं. बायको कचेरीतलं विचारू लागली.

"रोपं केवढी झाली?"

"वीतभर."

"वास येतो?"

"आत्ता कुठला? रोप अगदी निरोगी दिसतं. बघून कुणाला सांगता येणार नाही."

आठ दिवसांनी पुन्हा. "फुलोरा आला का?" अठ्ठावीस वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं की सळईला किती छिद्रं असतात. नाकसाहेब मनातून फुलले. जेवताना ते पोटरीत आलेल्या ओंबीबद्दल बोलत, हवेतल्या दमटपणाबद्दल बोलत, आणि ती भाकरी मोडायची थांबून ऐके. कचेरीत त्यांनी मॅडमना सांगितलंसुद्धा, "आमच्या घरात हल्ली कुंड्यांचीच चर्चा. उशिरा का होईना, माझ्या नोकरीला दाद मिळाली."

"मग घेऊन या की काकूंना," मॅडम म्हणाल्या. "दोनचार ओंब्या आता पिकल्यात, काही अजून फुलोऱ्यात आहेत. सगळं एका जागी बघायला मिळेल."

ती आली ती चांगलं लुगडं नेसून, केस घट्ट बांधून. काचघरात शिरताना तिने चपला बाहेर काढल्या. मॅडमनी तिला दोन ओंब्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या. रोगट ओंबी किंचित निळसर हिरवी होती, तिची टरफलं जराशी फाकलेली. तेवढाच काय तो फरक.

"रोपाला कळत नाही का?" तिने विचारलं. "आत कुणी शिरलंय ते?"

"छान विचारलंत." मॅडमनी टेबलावरची भिंगाची चौकट पुढे ओढली. "रोपाला पहारेकरी असतात काकू. परकं कुणी शिरलं की ते पेशीच्या भिंती जाड करतं, विष सोडतं, वेळ पडली तर ती एक पेशी मारून टाकतं पण पुढे जाऊ देत नाही. ही बुरशी शिरतानाच बारीक बारीक प्रथिनं सोडते. ती पहारेकऱ्यांच्या कामात खोडा घालतात, म्हणजे त्यांची हाळीच आतपर्यंत पोचत नाही. रोप समजतं, सगळं आलबेल आहे."

"आणि मग?"

"मग काही नाही. कोंबाच्या टोकाशी ती दडून राहते. कोंब वाढला की त्याच्यासोबत वर चढते. पानं हिरवी, बुंधा ताठ. जे काही दिसतं ते फुलात. हे निरोगी फूल बघा. हे तीन परागकोश, पिवळे, भरलेले. आणि हे रोगट. परागकोश खुरटलेत, वाळलेत. आणि खालचा बीजकोश बघा, पराग पडायच्या आधीच कसा टम्म झालाय."

"जणू दाणा धरलाय."

"तसंच दिसतं. हिरवा, गुबगुबीत. फोडला की पूड."

मग मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकावर बसवलं. ती बराच वेळ हलली नाही.

"ह्याच्यावर जाळं आहे," ती म्हणाली.

"बरोबर! बीजाणूचं कवच जाळीदार असतं. पहिल्या बघण्यात ओळखलंत तुम्ही. माझ्या विद्यार्थ्यांना दोन तास लागतात."

"बाबा विणायचे असं. अगदी बारीक मासळीचं. दिवा जवळ घेऊन विणायचे, तरी डोळ्यांना पाणी यायचं." हे ती मॅडमना सांगत होती. नाकसाहेब बाजूला उभे राहून ऐकत होते, आणि हे आपल्याला का माहीत नाही, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"फोडून दाखवता एक?" तिने विचारलं.

मॅडमनी पिकलेल्या ओंबीतला दाणा चिमट्याने दाबला. नाकसाहेबांनी सवयीने खिडकीकडे तोंड केलं. त्यामुळे बायको टेबलावर किती खाली वाकली होती, ते त्यांनी पाहिलं नाही.

चार दिवसांनी सुनावणी होती. बियाणेवाला वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर येणार होता. त्या सकाळी मॅडमनी ओंब्या मोजल्या. प्रत्येक कुंडीतली एक ओंबी क्रमांक लावून वहीत नोंदलेली. सातव्या कुंडीतली नोंदलेली ओंबी नव्हती; बाकीच्या ओंब्यांच्या दाटीत नाकसाहेबांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. देठ चिमटीने खुडलेला, स्वच्छ.

"काका, किल्ली तुमच्याकडेच ना?"

"माझ्याकडेच."

"उंदीर?"

"उंदीर असता तर मला कळलं असतं," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचीच बाही हुंगली. कारण गेले चार दिवस घरी पाऊल टाकताच त्यांना तो वास येत होता. आपल्याच अंगाला लागून आला असेल असं समजून ते दोनदोनदा हातपाय धूत होते.

दुपारच्या सुट्टीत ते सायकल मारत घरी गेले. बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला हाक न मारता ते सरळ आत गेले, डोळे मिटले आणि नाक नेईल तिकडे चालू लागले. स्वयंपाकघर नाही. देव्हाऱ्याजवळ नाही. आतल्या खोलीतलं कपाट. खालचा कप्पा, जाड पांघरुणं, त्यांच्यामध्ये पावडरचा रिकामा डबा. डब्यात तिचा रुमाल, चौपदरी. रुमालात ओंबी.

वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. हातात ओला टॉवेल.

"हा सरकारी पुरावा आहे," ते म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो भलताच बारीक निघाला. "माझ्या किल्लीखालचा. तुला कळतं का, काय केलंस?"

"कळतं."

"आणि रोग आहे हा! लोकांच्या शेतात गेला तर? जाळावं लागतं हे."

"मग जाळा." ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. "मी एक दाणा फोडला रोज. एकच. चार झाले."

"पण कशासाठी?"

ती टॉवेलाच्या कडेचे दोरे ओढत राहिली. "आईच्या हातांना असा वास यायचा. केसांना, पदराला. मला झोपवायची तेव्हा उशीलाही यायचा. तीन दिवसांनी पोचले तेव्हा वहिनीनं सगळं धुऊन ठेवलं होतं. पांघरूणसुद्धा. चांगलं करायला गेली बिचारी. घरभर साबणाचा वास. मी आईची एक एक वस्तू उचलून हुंगली. काही नाही."

नाकसाहेब डबा हातात धरून उभेच होते.

"अगं, मग सांगायचंस ना इतकी वर्षं. गेलो असतो. नाहीतर बाजारातून आणली असती मासळी, त्यात काय एवढं?"

तिने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "सांगितलं होतं की."

"कधी?"

"लग्नाच्या पहिल्या महिन्यात. आईनं बांधून दिलेली सुकी मासळी मी भाजली होती. तुम्ही दारातून आलात, रुमाल नाकाला लावलात आणि म्हणालात, घर आहे का धक्का? हे पुन्हा शिजलं तर मी बाहेर जेवीन. मी म्हटलं, मला त्याशिवाय घास गोड लागत नाही हो. तुम्ही म्हणालात, सवय होईल." ती थांबली. "झाली. खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी तुम्ही तो सदरा टाकलात..."

नाकसाहेबांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. तो दिवस, तो रुमाल, आपण बोललेलं. काहीच आठवेना. हजारो पोत्यांचे वास त्यांच्या ध्यानात होते. हे एक वाक्य कुठे सांडलं होतं कोण जाणे. ती मात्र ते जसंच्या तसं सांगत होती, आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग काढलं. रुमाल तिच्यापुढे धरला.

"घे. एकदा. मग मला न्यायचंय."

तिने रुमालात तोंड घातलं. तेवढा वेळ ते तिच्या शेजारी बसून राहिले. तोंड त्यांनी फिरवलं नाही, पण मळमळ आवरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कचेरीत परत जाताना त्यांच्या मनात आलं की सांगता येईल, देठ वाऱ्याने मोडला, ओंबी टेबलामागे सापडली. मॅडमनी ते मानलंही असतं. पण काचघराच्या दारात मॅडम दिसल्या आणि त्यांच्या तोंडून सरळ खरं तेच निघालं. मॅडमनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"काका, तुम्ही? तुमच्याकडून?"

"माझ्याकडूनच. किल्ली माझी, पाहुणी माझी."

"सातवी बाद करावी लागेल. आणि कारण लिहावं लागेल. मी खोटं लिहू शकत नाही."

"लिहा. मीच सांगतो काय लिहायचं ते."

सुनावणीला अकरा ओंब्या पुरल्या. अकरापैकी नऊ काळ्या निघाल्या. साठा रद्द झाला; बियाणेवाल्याचा ट्रक पुन्हा निघाला नाही. जाताना तो एवढं म्हणाला, "साहेबांचं नाक भारी, पण घरचा पहारा कच्चा." सगळे हसले. नाकसाहेबही हसले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. आठवड्याने त्यांना ताकीदपत्र मिळालं. एकतीस वर्षांतलं पहिलं. ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि त्याच टेबलावर चौदा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "शनिवारी निघायचं. तुझ्या भावाला फोन कर."

"कुठे?"

"तू सांग कुठे. मला वाट माहीत नाही नीट."

ती माळ्यावरची पेटी काढून पुसू लागली. बराच वेळ पुसत राहिली.

दोन दिवस प्रवास झाला. शेवटच्या तासाला ती खिडकीशी इतकी सरसावून बसली की समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "पहिल्यांदा चाललात का?" मेहुणा बंदराच्या कडेला बर्फाचा कारखाना सांभाळायचा, तो न्यायला आला होता. वहिनी दारात उभी होती, नणंदेला गळामिठी घालून रडली, मग नाकसाहेबांकडे बघून म्हणाली, "दाजी, खिडक्या लावून घेऊ का? ताईनं सांगितलंय तुमचं." ते ओशाळले. "नको, नको. उघड्याच बऱ्या."

पण त्या उघड्या खिडक्यांतून काही येईना. म्हणजे वारा येई, डिझेलचा वास येई, बर्फाचा ओला, धातूसारखा वास येई. जिथे आईचे मासळी वाळवायचे मांडव होते तिथे सिमेंटचा धक्का झाला होता. मासळी आता होडीतून थेट बर्फाच्या खोक्यांत जायची आणि खोकी ट्रकमध्ये. वाळवायला वेळ कुणाला? धक्का रोज औषधाच्या पाण्याने धुतला जाई. बायको दोन दिवस तिथे फेऱ्या मारत राहिली. खांबाला हात लावून बघे, वाकून फरशी बघे. दुसऱ्या संध्याकाळी तिने म्हटलं, "चला, परत जाऊ या. बघून झालं."

"आठ दिवस आहेत अजून."

"काय करायचे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नाकसाहेब एकटेच बाहेर पडले. मेहुण्याला सांगितलं, फिरून येतो. धक्का ओलांडला, जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये डोकावले, तिथे नुसतं नायलॉन आणि डांबर. पाण्याच्या कडेने ते चालत राहिले. वाऱ्याकडे तोंड करायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. गोदामातल्या थप्प्या तपासताना करत तसंच. लोक बघत होते; कचेरीतला वाटणारा माणूस, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कुत्र्यासारखा वास काढत चाललाय. जुन्या मिठागरांच्या पलीकडे वारा जरा वळला आणि त्यांना तो मिळाला. अगदी पुसट. मग दाट. मग इतका दाट, की त्यांचा हात आपोआप रुमालाकडे गेला.

बांधाच्या आडोशाला दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. समोर जुन्या कापडांवर बोटाएवढी मासळी पसरलेली, चांदीसारखी, काही काळवंडलेली. वर माश्या.

"काय हवंय?" एकीने विचारलं.

"काही नाही. उठू नका. इथेच थांबा हं," ते म्हणाले आणि वयाला न शोभेल असे पळत सुटले.

बायकोला त्यांनी मनगटाला धरून आणलं. मिठागर ओलांडलं तशी ती आपोआप पुढे झाली, त्यांचा हात सुटला. बांधाशी पोचून ती उभी राहिली. एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे पाहिलं.

"कोण गं तू? चाल ओळखीची वाटते."

बायकोने आईचं नाव सांगितलं. म्हातारी तोंडभर हसली. "अगं बाई! ती मेली माझ्याकडून सुया उसन्या न्यायची, कधी परत दिल्या नाहीत. बस. बस इथं."

ती बसली. कुणी न सांगता तिने कापडावरची मासळी उलटायला घेतली, एक एक, शेपटीला धरून. बोटं विसरली नव्हती. नाकसाहेब वाऱ्याच्या वरच्या बाजूला एका दगडावर बसले.

तासाभराने ते जवळ गेले. हळूच विचारलं, "हाच ना?"

तिने हात नाकाशी नेला. "जवळपासचा आहे," ती म्हणाली. "आईच्यात आणखी काहीतरी होतं." मग ती पुन्हा उलटू लागली. रडत होती की वाऱ्याने डोळे झोंबत होते, ते त्यांना कळलं नाही.

रोज सकाळी ती मिठागरांकडे जायची. संध्याकाळी येई तेव्हा वहिनीशी तिची बोली पार बदललेली असे, शब्द तोकडे, हेल लांब. नाकसाहेबांना अर्धं कळायचं नाही. नवव्या दिवशी त्यांनी पेटी भरायला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "तुमची रजा संपली. माझी नाही संपली."

"म्हणजे?"

"थोडे दिवस राहते. वहिनी हो म्हणालीय. त्या दोघींना उचलणं-ठेवणं होत नाही आता."

त्यांनी पेटीतली तिची दोन पातळं काढून पलंगावर ठेवली. "बरं," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते एकटे परतले. दार उघडलं आणि दारातच थांबले. घराला कसलाच वास नव्हता. न जेवणाचा, न तेलाचा, न ओल्या फडक्याचा. ते आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं, मिटलं. तिच्या उशीवर डोकं टेकून पडले. अभ्रा निघायच्या दिवशी ती धुऊन गेली होती.

दर रविवारी सकाळी ते फोन करू लागले. काय खाल्लं, पाणी वेळेवर येतं का, लेकीचा फोन आला का. पहिल्या दोन रविवारी त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी विचारलं.

"कधी येतेस?"

"ही खेप वाळू दे."

"ती वाळली की दुसरी येईल."

"येणारच की. समुद्र काय तुमच्या कचेरीसारखा सुट्टी घेतो?" ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "गव्हाची पेरणी सुरू होईल तेव्हा येईन. आणि दरवर्षी ह्या दिवसांत मी इकडे. आत्ताच सांगून ठेवते. चालेल?"

"चालेल."

"खरंच?"

"पेरणीला अजून सात आठवडे आहेत," ते म्हणाले.

"मोजलेत?"

पलीकडे वारा फोनवर घासत होता. कुणीतरी तिला हाक मारली. "चला, ठेवते हं," ती म्हणाली, "ऊन वर आलं, उलटायला हवं."

"ठेवू नकोस."

"बोला ना मग."

"बोलायचं काही नाही. तू तुझं काम कर. फोन नुसता बाजूला असू दे."

मग खरखर झाली. तिने फोन कुठेतरी टेकवला असणार, दगडावर किंवा कापडाच्या कडेला. दुरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकू येत होतं, मध्येच तिचा आवाज, लांब हेल काढून काहीतरी बोललेला, आणि मग तिघींचं हसणं. एकही शब्द कळत नव्हता. नाकसाहेब स्वयंपाकघरातल्या स्टुलावर फोन कानाशी धरून बसले. समोरच्या चहावर साय धरली, तरी ते उठले नाहीत.